हार्ड डिस्क रुसली की आजारी पडली?

दोस्तांनो, तुमच्या घरचा कॉम्प्युटर चालू व्हायला किती वेळ घेतो? एकदा घड्याळ लावून बघाच. काही घरांत बटण दाबून आंघोळीला जावं, पोहे खावेत, दूध संपवावं आणि येऊन बघावं, तरी पडद्यावरचं ते छोटं चक्र आपलं गरगरतंच आहे! मग ज्याचा त्याचा इलाज सुरू होतो. आई म्हणते, ‘ते गेम आधी काढून टाक.’ बाबांना व्हायरसचा संशय येतो. आणि शेजारचा दादा छातीठोकपणे सांगतो, ‘डीफ्रॅग मारा काका, पळायला लागेल!’

या दादापासून जरा सावध राहायचं, बरं का. त्याचा सल्ला नेहमीच चुकीचा असतो असं नाही. पण संथ झालेली हार्ड डिस्क दोन प्रकारची असते. एक नुसती रुसलेली, म्हणजे कामाचा बोजा जास्त झालेली. दुसरी खरोखर आजारी. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. मात्र रुसलेलीचं औषध आजारी डिस्कला पाजलं, तर ती कायमची बंद पडू शकते. आणि जाताना ताईच्या लग्नाचे फोटो, आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज, तुमचा विज्ञानाचा प्रकल्प, सगळं घेऊन जाते.

डबीत काय चाललेलं असतं?

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. मोठ्या परातीएवढ्या, २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक! आणि त्या सगळ्यांत मिळून मावायची साधारण ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच तेवढी जागा खातो.

तबकड्या लहान झाल्या, पण युक्ती तीच राहिली. तबकडी गरगर फिरते आणि एका दांडीच्या टोकावरचं ‘हेड’ तिच्यावरून माहिती वाचतं. घरातल्या डेस्कटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला १२०! तुमचा छताचा पंखा फुल्लवर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो, त्यावरून अंदाज करा. हेड तबकडीला टेकत नाही, तरंगतं. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या जेमतेम एका भागाएवढी फट मध्ये असते.

आता गंमत बघा. माहिती ओळीने एकापुढे एक असली, तर आजची साधी डिस्कसुद्धा सेकंदाला दीडशे एमबी सहज वाचते. पण तीच माहिती विखुरलेली असेल तर? दांडी हलवायला साधारण ९ मिलिसेकंद, मग हवा तो भाग फिरत हेडखाली येण्याची वाट बघायला सरासरी आणखी ४. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाऊणशे तुकडे. तुकडे बारीक असले, तर सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा हाती लागत नाही! पुण्यातल्या पोस्टमनला एक पत्र कसब्यात, दुसरं कोथरूडला आणि तिसरं पुन्हा कसब्यात द्यायला सांगितलं, तर त्याचं जे होईल तेच.

ही झाली रुसलेली डिस्क. आजारी डिस्कचं दुखणं वेगळं. तबकडीवरचा एखादा बारीकसा भाग खराब होतो. डिस्क तो वाचायला जाते, जमत नाही. मग ती पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा. आणखी एकदा. एवढ्याशा भागापायी कधी कधी कित्येक सेकंद जातात, आणि तोवर तुमचा माउस पडद्यावर पुतळ्यासारखा उभा! पुस्तकात ओल लागून पुसट झालेली ओळ आपण डोळे बारीक करून चारचारदा वाचतो ना, तसंच. कॉम्प्युटर मठ्ठ झालेला नसतो. डिस्क जिवाच्या आकांताने तुमचा फोटो वाचवायला बघत असते.

आणि अशा वेळी दादा म्हणतो, डीफ्रॅग मारा! म्हणजे इथली माहिती उचलून तिथे ठेव, तिथली इकडे आण, असं तासन्‌तास. तापाने फणफणलेल्या माणसाला पर्वती चढायला लावण्यातला प्रकार. डिस्कचा कानाकोपरा तपासणारं स्कॅनसुद्धा आजारी डिस्कवर लगेच चालवू नका.

म्हणून पहिलं काम वेग वाढवण्याचं नाही, कॉपी काढण्याचं. बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडा. सिनेमे आणि गेम राहू द्यात, ते पुन्हा मिळतात. जे जगात दुसरीकडे कुठेच नाही, ते आधी. एखाद्या फाइलवर गाडी अडली तर तिच्या मागे लागू नका, पुढची घ्या. आणि डिस्कमधून ‘टक्‌... टक्‌... टक्‌’ असा आवाज यायला लागला असेल, तर काहीच करू नका. कॉम्प्युटर बंद! आईबाबांनो, हे तुमच्यासाठी: आतल्या वस्तू मोलाच्या असतील तर अशी डिस्क थेट माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवून बघण्याचा इलाज ऐकला असेल, तो साफ विसरा. आत दव धरलं की संपलं.

कॉपी निघाली? आता खुशाल डिटेक्टिव्ह व्हा.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही स्वतःच लिहीत असते. त्या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ही वही वाचता येते. त्यात दोन ओळी शोधा. खराब भाग सोडून राखीव जागा किती वेळा वापरावी लागली, ही एक. आणि वाचता न आलेले किती भाग निर्णयाची वाट बघताहेत, ही दुसरी. दोन्हीकडे शून्य असेल तर छान. आकडा आठवड्याला वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरलेत. शून्य म्हणजे गॅरंटी नव्हे हं. काही डिस्क वहीत काही न लिहिताच जातात.

वही स्वच्छ निघाली, तर डिस्क बहुधा रुसलीय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘डिस्क’च्या रकान्यात शंभर टक्के दिसतंय? त्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त काम कोण सांगतंय ते वर येतं. चालू केल्याकेल्या दहापंधरा मिनिटं थांबून बघा, कारण तेव्हा अँटिव्हायरस, विंडोजचे अपडेट, सगळ्यांनाच घाई असते.

शेजारचा ‘मेमरी’चा रकानाही नव्वदीच्या पुढे असेल, तर बिचाऱ्या डिस्कचा दोष नाही. रॅम म्हणजे तुमचं अभ्यासाचं टेबल आणि डिस्क म्हणजे माळा. टेबल चिमुकलं असेल तर प्रत्येक वहीसाठी माळ्यावर चढ-उतर करावी लागणारच. रॅम वाढवली की हे थांबतं.

एक गुन्हेगार मात्र भल्याभल्यांना सापडत नाही: केबल! विंडोज एक्सपीच्या काळात डिस्ककडून माहिती येताना सहा वेळा गडबड झाली, की विंडोज तिचा वेग आपणहून उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं नावच नाही. डिस्क ठणठणीत, पण चाल बैलगाडीची. आता ती पद्धत गेली, पण सैल किंवा खराब केबल अजूनही तितकाच छळ करते. स्मार्टच्या वहीत तिची वेगळी ओळ आहे, ‘सीआरसी’ चुकांची. तो आकडा वाढत असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, प्लग काढून, केबल बदलून बघा. डिस्कपेक्षा केबल कितीतरी स्वस्त!

डीफ्रॅगचं काय? विंडोज ते अलीकडे आपणहून, साधारण आठवड्याला करतं. डिस्क गच्च भरली असेल तर जागा मोकळी करा, तेवढं पुरे. आणि एसएसडीला फिरणारी तबकडीच नसते, तेव्हा तिला डीफ्रॅग नकोच.

माझं स्पष्ट मत सांगू? विंडोज दहा किंवा अकरा फिरत्या डिस्कवर चालवणं म्हणजे त्या पोस्टमनचा छळ आहे. विंडोज एसएसडीवर घ्या, जुनी डिस्क निरोगी असेल तर फोटो-सिनेमांसाठी राहू द्या. एसएसडी विखुरलेला तुकडा साधारण मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात आणून देते. पण तीही एखाद्या दिवशी न सांगता मान टाकू शकते, तेव्हा बाहेरची कॉपी चालूच ठेवायची.

मेलेली डिस्क उरली, आतलं सगळं कॉपी झालंय आणि आईबाबांची परवानगी आहे? तर ती उघडून बघाच. चांदणीच्या आकाराच्या खाचेचा स्क्रू ड्रायव्हर लागेल. आत आरशासारखी तबकडी दिसेल, चेहरा पाहून घ्या. ती वाकवायला मात्र जाऊ नका, लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते. आणि दांडीजवळचे दोन लोहचुंबक दिसले की बोटं जपा, फार जोरात चिकटतात!