वाकड्या मोत्याचे संगीत

फोन लावावा, पलीकडून 'कृपया प्रतीक्षा करा' असा आवाज यावा आणि मग व्हायोलिनची एक टुणटुणत जाणारी धून कानाशी वाजत राहावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. वीसेक वर्षांपूर्वी एका कामासाठी मी अशीच पंधरा मिनिटे ती धून ऐकली. काम काही झाले नाही, पण धुनेने पिच्छा सोडला नाही. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या एका मित्राला ती गुणगुणून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "अहो शायर, हा तर विवाल्दीचा 'वसंत'! एवढी चांगली चीज फोनवर ऐकता होय?" आणि त्याने मला एक सीडी दिली. संगीताचा मी शास्त्रोक्त विद्यार्थी नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा साधा माणूस. तेव्हा जे सांगणार आहे ते श्रोत्याच्या बाकावरूनच.

या संगीताला 'बरोक' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या वाकड्या, ओबडधोबड मोत्याच्या नावावरून आला असे मानतात. म्हणजे नाव ठेवले ते कौतुकाने नव्हे, तर टीका म्हणून. फार नटवे, फार गुंतागुंतीचे, असा त्याचा रोख. साधारण १६०० ते १७५० हा त्याचा काळ. आपल्याकडे अकबर बादशहाच्या अखेरच्या वर्षांपासून छत्रपती शाहूंच्या निधनापर्यंतचा.

सुरुवात इटलीत झाली. १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारात मोंतेवेर्दीचे 'ऑर्फेओ' हे संगीत नाटक झाले. मेलेल्या बायकोला परत आणण्यासाठी पाताळात जाणाऱ्या गायकाची ही कथा. त्याआधी चार-पाच गळे एकमेकांत गुंफून गाण्याची रीत प्रतिष्ठेची होती आणि त्या गुंत्यात शब्द हरवत. आता एकच माणूस उभा राहून आपले दुःख गाऊ लागला आणि त्याच्या खाली मंद्र सुरांची एक साथ चालू लागली. ही साथ बरोकचा पाया आहे. रचनाकार फक्त खालची ओळ लिहायचा आणि तिच्यापाशी काही आकडे मांडायचा. हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणारा त्या आकड्यांवरून वरचे सूर तिथल्या तिथे भरायचा. आपला पेटीवाला गवयाच्या मागे जाताना स्वतःच्या अकलेने सूर भरतो ना, त्याची आठवण व्हावी असे. पाश्चात्त्य संगीत म्हणजे सगळे कागदावर बांधलेले, ही आपली समजूत इथे जरा ढिली होते.

आता विवाल्दीकडे येतो. जन्म १६७८, व्हेनिस. हा माणूस धर्मगुरू होता. केस तांबडे, म्हणून लोक त्याला 'तांबडा पाद्री' म्हणत. छातीच्या दुखण्यामुळे त्याने प्रार्थना चालवण्याचे काम लवकरच सोडले. १७०३ पासून तो व्हेनिसच्या 'पिएता' या संस्थेत व्हायोलिन शिकवू लागला. पिएता म्हणजे टाकून दिलेल्या मुलांचे घर. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात लोक तान्ही बाळे ठेवून जात. त्यातल्या ज्या मुलींना सुरांची जाण असे त्यांना संगीत शिकवले जाई. त्या इतक्या तयार झाल्या की युरोपभरचे प्रवासी त्यांना ऐकायला येत. पण त्या दिसत नसत. वरच्या सज्जात, लोखंडी जाळीच्या आड उभ्या राहून त्या गात आणि वाजवत. विवाल्दीने पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो लिहिले. कॉन्चेर्तो म्हणजे एक किंवा अधिक वादक एका बाजूला, सगळा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला आणि त्यांच्यातले सवालजवाब. यांतले कितीतरी या मुलींच्या बोटांसाठी होते. मुलींना आडनावे नव्हती. कागदपत्रांत त्यांची नोंद सापडते ती 'व्हायोलिनवाली अमुक' अशी, वाद्याच्या नावाने.

'चार ऋतू' १७२५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापून आले. प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत आहे आणि सूर त्या कवितेमागून चालतात. वसंतात गुराखी झोपला आहे, वर व्हायोलिन त्याच्या झोपेसारखी संथ, आणि खाली व्हायोला मध्येच दोन ठोके देते. तो त्याचा कुत्रा भुंकतो आहे! फोनवर हे कधीच ऐकू येत नाही.

१७४१ च्या जुलैत विवाल्दी व्हिएन्नात कफल्लक अवस्थेत वारला आणि पुढे जवळजवळ विसरला गेला. १९२६ मध्ये इटलीतल्या पिएमोंते भागातल्या एका धार्मिक शाळेने आपली जुनी हस्तलिखिते विकायला काढली. तूरीनच्या जाणकारांनी पाहिले तर त्यात विवाल्दीच्या बाडांचा ढीग. पण विकत घ्यायला सरकारी ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ नावाच्या एका धनिकाने ती घेऊन ग्रंथालयाला दिली, आपल्या मरण पावलेल्या लहान मुलाच्या नावाने. मग कळले की संग्रहाचा हा अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा एका सरदार घराण्याकडे निघाला. तो फिलिप्पो जोर्दानो या कारखानदाराने घेतला, त्याच्याही वारलेल्या लहान मुलाच्या नावाने. ज्यांना आईबाप नव्हते अशा मुलींसाठी लिहिलेले संगीत, ज्यांची मुले गेली अशा दोन बापांनी वाचवले. कवितेत मी हे लिहिले असते तर संपादकांनी 'फारच जुळवलेले' म्हणून परत पाठवले असते. आज ख्रिस्ती गायनमंडळे विवाल्दीचा जो 'ग्लोरिया' आवडीने गातात, तो याच बाडांतून निघाला आणि १९३९ मध्ये सिएना इथे पुन्हा गायला गेला.

विवाल्दीला विसरू न देणारा आणखी एक माणूस होता, योहान सेबास्टियन बाख. तरुणपणी त्याने विवाल्दीचे कॉन्चेर्तो उतरवून कळफलकाच्या वाद्यांसाठी बसवले. पुढे बाखचा अभ्यास करणाऱ्यांना प्रश्न पडला, हा विवाल्दी कोण?

बाख १६८५ चा. दहाव्या वर्षी पोरका झाला, मोठ्या भावाकडे वाढला. विसाव्या वर्षी बुक्स्टेहूड या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून ल्यूबेकला गेला. अंतर चारशे किलोमीटर आणि गेला पायी. रजा चार आठवड्यांची घेतली होती, परतला चार महिन्यांनी! वारी करणाऱ्या महाराष्ट्राला यात नवल वाटू नये. नोकरीवर मात्र बोलणी खावी लागली.

१७२० मध्ये तो आपल्या राजाबरोबर परगावी गेला होता. परत आला तेव्हा बायको वारली होती, दफनही झाले होते. त्याच सालाची तारीख असलेल्या हस्तलिखितात एकट्या व्हायोलिनची 'शाकोन' आहे. ती बायकोच्या आठवणीत लिहिली असे काही जण म्हणतात. पुरावा नाही. रचना समजायला गझलेचा रदीफ आठवा. चार मात्रागटांची एक चाल पुनःपुन्हा येते, पण प्रत्येक वेळी तिच्यावर वेगळा शेर. पंधराएक मिनिटे, एकच वाद्य. मधेच सूर कोमलाकडून शुद्धाकडे वळतात आणि खोलीत उजेड यावा तसे वाटते. मग तोही जातो.

बाखचे दुसरे मोठे काम 'सेंट मॅथ्यू पॅशन', १७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या चर्चमध्ये झालेले. दोन गायनवृंद, दोन वाद्यवृंद, जवळपास तीन तास. विषय येशूच्या यातनांचा. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा भाषा कळत नव्हती, धर्म माझा नव्हता. पण आमच्याकडे मोहरममध्ये मर्सिये ऐकत मी वाढलो. करबलाची हकिगत सगळ्यांना पाठ असते, तरी पुढचा बंद आला की डोळे भरतात. इथेही तेच. पीटर आपल्या गुरूला ओळख देत नाही आणि मग रडतो. त्यानंतर एक गळा आणि एक व्हायोलिन मिळून दयेची याचना करतात. ती याचना कोणत्या भाषेत आहे हे मला त्या क्षणी विचारावेसे वाटले नाही. हे काम बाखनंतर विस्मरणात गेले. १८२९ मध्ये बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने ते पुन्हा सादर केले.

हँडेलही १६८५ चाच, जर्मन, पण लंडनमध्ये नांदला. बाखने भेटीचा प्रयत्न करूनही दोघे कधी भेटले नाहीत. दोघांच्याही डोळ्यांवर जॉन टेलर या एकाच भटक्या वैद्याने शस्त्रक्रिया केली आणि दोघांनाही दृष्टी मिळाली नाही. हँडेलचा 'मसाया' १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहून झाला. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये झाला. गर्दी मावावी म्हणून बायकांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात अशी विनंती होती. त्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ लोक सुटले असे नमूद आहे. पुढे १७५० पासून लंडनच्या सोडलेल्या मुलांच्या आश्रमासाठी तो 'मसाया' दरवर्षी करी. मृत्युपत्रात त्याने स्वरलिपीची एक प्रत त्या आश्रमाला ठेवली.

आणखी एक गोष्ट आपल्या घरची. १९७७ मध्ये अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात बाखच्या तीन रचना आहेत आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. दोघांचा मुक्काम आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे, एकाच तबकडीवर.

ज्यांना आज संध्याकाळी काही ऐकून पाहायचे असेल त्यांनी 'पॅशन'ने सुरुवात करू नये, दमायला होईल. 'चार ऋतूं'तल्या हिवाळ्याचा मधला तुकडा लावा. दोनेक मिनिटांचा आहे. बाहेर पाऊस पडतो आहे, तो व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडून वाजवला आहे आणि आत शेकोटीपाशी कुणीतरी निवांत बसले आहे.