पीसीओएस : नाव एक, रूपे अनेक

एकीची पाळी तीन-तीन महिने येत नाही. दुसरीची पाळी नियमित असते, पण हनुवटीवर राठ केस उगवतात. तिसरी सडपातळ, मूल होत नाही म्हणून तपासणीला गेल्यावरच तिला निदान कळते. तिघींचा विकार मात्र एकच : पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अर्थात पीसीओएस. प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांमागे साधारण एकीला तो असतो आणि अनेकींना त्याची कल्पनाही नसते.

नावामुळे गैरसमज होतो. सोनोग्राफीत दिसतात त्या काढून टाकण्याच्या गाठी नव्हेत, तर वाढ अर्धवट थांबलेल्या स्त्रीबीजांच्या सूक्ष्म पिशव्या होत. मूळ बिघाड संप्रेरकांचा आहे. अनेकींचे शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. रक्तात वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक अँड्रोजेन निर्माण करण्यास प्रवृत्त करते. त्यातून अनियमित पाळी, मुरुमे, नको तेथे केस अशी लक्षणे उद्भवतात. मानेवरची त्वचाही काळवंडते.

अनियमित पाळी, वाढलेले अँड्रोजेन आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि थायरॉइडसारखी अन्य कारणे नसली, तर निदान होते. हा निकष २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरला. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नसल्यास मात्र केवळ सोनोग्राफीवरून मुलीला हा विकार आहे असे ठरवू नये.

‘लग्न झाले की सगळे सुरळीत होईल’ हा घरोघरचा सल्ला घातक ठरू शकतो. पाळी दीर्घकाळ लांबत राहिल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होते व पुढे कर्करोगाची जोखीम वाढते. मधुमेहाचा धोकाही वाढतो. चेहऱ्यावरच्या केसांमुळे चारचौघांत जाणे टाळणाऱ्या मुलीच्या मनातील उदासी हाही या विकाराचाच भाग आहे. तिच्या वजनावर टोमणे मारणे हा त्यावर उपाय नव्हे.

हा विकार कायमचा बरा करणारे औषध नाही. पण तो आटोक्यात राहतो. त्यासाठी शीत-कडी सोडावी लागत नाही; भाताचे प्रमाण आवरावे, भाजी व कडधान्ये वाढवावीत आणि नियमित व्यायाम करावा. वजन जास्त असल्यास ते पाच टक्क्यांनी उतरले तरी अनेकींना फरक जाणवतो. संप्रेरकांच्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. योग्य उपचारांनी बहुतेकींना मातृत्वही लाभते.

सलग तीन महिने पाळी आली नाही, तर मुहूर्ताची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे.