फर्ग्युसन कीं विलिंग्डन?

बारावीचा निकाल लागला म्हणजे सांगली-मिरजेकडील घरांतून हा वाद हटकून निघतो: मुलानें पुण्यास फर्ग्युसनांत जावें, कीं घरीं राहून सांगलीच्या विलिंग्डनांत शिकावें? दोन्ही कॉलेजें डेक्कन एज्युकेशन सोसायटीचींच. पहिलें १८८५ चें, दुसरें १९१९ चें. नांवाचा दबदबा पुण्याकडे अधिक, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु वडीलमंडळी हिशेब करितात तो बहुधा फीचाच. खोलीचें भाडें व अनामत, खाणावळ, जाणेंयेणें, दुखण्याबाण्यांतील धांवपळ, हा खरा खर्च. तीन वर्षांचा, आणि चौथें घेतल्यास चारांचा, आंकडा कागदावर मांडावा. शेजारीं धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचाहि मांडावा. भावाच्या पुण्यापायीं तिला मन मारावें लागणार असेल, तर तो व्यवहार आम्हांस मान्य नाहीं.

मुलास हवा तो विषयच सांगलीस नसेल, तर गोष्ट निराळी. मग दागिना मोडूनहि पाठवावें. विषय दोन्हीकडे असल्यास अभ्यासक्रम ताडून पाहावेत. मुलगा घरांत रमणारा कीं बाहेर पडून फुलणारा, हें मात्र आजीस विचारावें. तिला तें आईबापांहून अधिक ठाऊक असतें. अर्ज दोन्हीकडे वेळेवर करून ठेवावेत.