ब्रेकचा पिस्टन तिरका बसला तर? शेतातल्या पाइपची एक ‘बांगडी’ येते कामाला!

उन्हाळ्याच्या तोंडावर ऊसतोडीचा हंगाम संपतो आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेली बीड जिल्ह्यातली कुटुंबं गावाकडे परततात. पाच-सहा महिने बंद असलेल्या घराचं कुलूप निघतं. पत्र्याच्या शेडखाली झाकून ठेवलेली एखादी दुचाकी बाहेर येते. बॅटरी उतरलेली, टायर बसलेले. तेवढं तर कुठल्याही गॅरेजमध्ये होऊन जातं.

पण गाडी ढकलायला घेतली की पुढचं चाक जड लागतं. ब्रेक दाबला नाही तरी लागलेलाच राहतो! थोडं अंतर चालवली की डिस्क चटका बसेल इतकी तापते.

अशी गाडी घेऊन धारूरच्या घाटात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. बीड जिल्ह्यातून बालाघाटच्या डोंगररांगा जातात. धारूरचा काय किंवा मांजरसुंब्याचा काय, घाट उतरताना ब्रेकवर सगळी भिस्त असते.

दुखणं बहुतेक वेळा कॅलिपरमध्ये असतं. तो खोलून, साफ करून, नवीन सील टाकून परत जोडता येतो. सगळ्यात जास्त काम बिघडतं ते एका साध्या गोष्टीपायी, ती म्हणजे पिस्टन सरळ न बसणं. तो सरळ बसवायचं साधन मात्र घरच्या घरी बनवता येतं.

कॅलिपरच्या आत असतं काय?

कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग. त्याच्या आत एक गोल भोक असतं, त्याला गॅरेजमध्ये बोअर म्हणतात. बोअरमध्ये वाटीच्या आकाराचा पिस्टन असतो. लिव्हर दाबला की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला बाहेर ढकलतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि पॅड डिस्कला आवळतं.

खरी गंमत आहे ती बोअरच्या खाचेत बसवलेल्या रबरी सीलची. ही चौकोनी छेदाची रिंग ऑइल तर अडवतेच, पण आणखी एक काम करते. पिस्टन पुढे सरकला की रबर त्याच्यासोबत किंचित पिळतं. लिव्हर सोडला की ते पूर्ववत होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतं ते याच ओढीमुळे. तिथे वेगळी स्प्रिंग नसते.

म्हणजे सील कापलं गेलं किंवा पिस्टन तिरका अडकला, तर ब्रेक एकतर गळतो, नाहीतर लागलेलाच राहतो.

उभी गाडी का आवळते?

डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा शोषून घेतात. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे 205 आणि 140 आहेत. लांब उतारावर ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर एकदम पोकळ लागतो.

दुसरीकडे हाच ओलावा आतून गंज धरायला लावतो. बाहेरून धूळ आणि चिखल पिस्टनच्या कडेला बसतात. गाडी रोज चालत असेल तर पिस्टन हलत राहतो. सहा महिने उभी राहिली की जागच्या जागी चिकटतो.

हातोडी का नको?

पिस्टन आणि बोअर यांच्यातली मोकळी जागा साधारण एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी असते. कपाटाचा खण आठवा. दोन्ही हातांनी सरळ ढकलला तर अलगद आत जातो. एकाच कोपऱ्यातून ढकलला की अडकतो, आणि मग जितका जोर लावावा तितका घट्ट बसतो. पिस्टनचंही तसंच आहे.

तिरक्या पिस्टनवर हातोडी मारली की त्याची कड सीलचा ओठ कापते किंवा बोअरवर ओरखडा पाडते. आजच्या घाईत ते दिसत नाही, महिनाभराने ऑइल पाझरायला लागलं की कळतं.

कारखान्यात ही अडचण येत नाही. बीडच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे, आणि दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचं मुख्यालयही वाळूजलाच आहे. अशा कारखान्यांत जोडणीच्या वेळी भाग साच्यात पक्का धरलेला असतो, त्यामुळे तो तिरका जायला वावच नसतो. गॅरेजमध्ये तो साचा नसतो. मग तो बनवायचा!

पाइपची बांगडी

दुष्काळी पट्ट्यातल्या शेतात पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेलेच असतात. त्यातल्याच एका तुकड्याची बांगडी करायची. ती पिस्टनभोवती बसते, तिची सपाट कड कॅलिपरच्या तोंडावर टेकते आणि पिस्टनला कलू देत नाही.

पाइप निवडताना एक चूक हमखास होते. 25, 32, 40, 50, 63 हे पीव्हीसी पाइपचे आकडे बाहेरच्या व्यासाचे असतात. आतला व्यास पाइप किती दाबाचा आहे, म्हणजे किती जाड आहे, त्यावर ठरतो. म्हणून आकड्यावर विसंबू नये. पिस्टनचा बाहेरचा आणि पाइपचा आतला व्यास व्हर्नियरने मोजावा. पाइप पिस्टनपेक्षा जरासा सैल हवा.

मग असं करावं:

1. पाइपभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळावा. कागदाच्या कडा एकमेकींवर तंतोतंत जुळल्या की त्या रेषेवर खूण करावी. गोल पाइप काटकोनात कापायची ही सोपी युक्ती आहे.

2. साधारण 10 ते 15 मिलिमीटर उंचीचा तुकडा कापावा. कॅलिपरच्या जबड्यात जागा किती आहे ते आधी मोजावं. बांगडी उंच झाली तर आत मावणार नाही.

3. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तुकड्याच्या दोन्ही कडा घासाव्यात आणि गुण्या लावून तपासाव्यात. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांकडून सुरुवातीलाच कानशीने लोखंड सपाट आणि गुण्यात आणून घेतात. इथे कसोटी तीच आहे.

4. बांगडीला एका जागी उभा छेद द्यावा. ती एक मिलिमीटरने सैल असेल तर छेदाजवळची सुमारे तीन मिलिमीटरची पट्टी काढून टाकावी. बांगडी मिटली की पिस्टनवर बेताची बसते. छेद असल्यामुळे काम झाल्यावर ती सहज काढताही येते.

5. आतली कड पेपरने गुळगुळीत करावी आणि पाइपचा भुसा धुऊन काढावा.

दाब देण्यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. जुनं झिजलेलं ब्रेक पॅड पिस्टनच्या तोंडावर आडवं ठेवायचं आणि सी-क्लॅम्पने हळूहळू आवळायचं. पॅडमुळे दाब सगळीकडे सारखा पडतो.

पिस्टन बसवताना

जुना पिस्टन काढण्यासाठी होज सोडायच्या आधी लिव्हर हळूहळू दाबत राहावं, तो बाहेर येतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट चिरडू शकतो. दोन पिस्टनचा कॅलिपर असेल तर एक बाहेर येताना दुसऱ्याला लाकडाचा तुकडा लावून अडवावं.

सील आणि बोअर धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरावं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांपैकी काहीही नको, त्यांनी हे रबर फुगतं. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उडतो, तेही जपावं.

नवीन सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून खाचेत बसवावं आणि पिळलेलं नाही ना ते बोट फिरवून पाहावं. ब्लीडिंगचा स्क्रू थोडा सैल ठेवावा, म्हणजे आतल्या हवेला वाट मिळते. बांगडीतून पिस्टन आधी दोन्ही अंगठ्यांनी ढकलावा. सुरुवातीचे काही मिलिमीटर हातानेच गेले पाहिजेत. क्लॅम्प त्यानंतर. अडकला तर जोर न लावता बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी.

काही कॅलिपरमध्ये, विशेषतः चारचाकींच्या, पिस्टनवर रबरी टोपण असतं. कुठे कॅलिपरचं तोंड सपाट नसतं. तिथे बांगडी टेकणार नाही. मग पुढची तपासणी हाच आधार.

सरळ बसला हे कसं ओळखायचं?

व्हर्नियरच्या शेपटीसारख्या पट्टीने खोली मोजता येते. पिस्टनची कड आणि कॅलिपरचं तोंड यांच्यातलं अंतर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं चार ठिकाणी मोजावं. चारही आकडे जुळले तर पिस्टन सरळ. तोंड सपाट नसेल तर आत घासलेला कुठलाही पक्का भाग खूण म्हणून धरावा.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्याही पाहाव्यात. पिन काचेवर लोळवली की वाकलेली लगेच कळते. वाकलेल्या पिनेमुळे पॅड एका टोकाला जास्त झिजतं, आणि दोष मात्र पिस्टनवर जातो. पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावावं.

कुठे थांबायचं?

बांगडी पिस्टन सरळ धरते, खराब पिस्टन बरा करत नाही. पिस्टनवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर तो बदलावाच लागतो, कारण सील त्याच्यावरच घासत असतं. काही चारचाकींच्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते. तो पिस्टन दाबून नव्हे, फिरवून आत घ्यावा लागतो. एबीएसच्या गाडीत हवा काढायची पद्धत वेगळी असू शकते. देशात 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे अशा गाड्या आता खेड्यातल्या गॅरेजमध्येही येतात. या कामाची सवय नसेल तर जोडणी अनुभवी मेकॅनिकसमोरच करावी.

सगळं जोडून, नवीन ऑइल भरून हवा काढली की आणखी एक गोष्ट उरते. पिस्टन आत गेलेला असल्यामुळे पहिल्या काही दाबांना लिव्हर रिकामा जातो. गाडी जागेवर उभी असतानाच तो घट्ट होईपर्यंत दाबावा. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासावा. चाक हाताने मोकळं फिरतंय, डिस्क तापत नाही, ऑइल पाझरत नाही, हे पाहिल्यावरच गाडी घाटाच्या रस्त्याला लावावी.