घरोघरचे शब्द (भाग ६) : नवजात, तान्हं आणि अर्भक

मागच्या भागात बाळंतविड्याबद्दल लिहिलं. ती झबली-टोपडी ज्याच्यासाठी शिवतात त्या जिवाला काय म्हणायचं, हे या वेळी पाहू. त्यासाठी सुरतेच्या डिंडोलीत जायला हवं. मूळचं हे गाव २००६ साली सुरत महापालिकेच्या हद्दीत आलं. जळगाव-उधना रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं कापडाच्या कारखान्यांत कामाला आली आणि डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात दाट वसली. घरात अहिराणी, पत्रिकेवर मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. घरात मूल जन्मलं की या चारही भाषा एकदम कामाला लागतात.

गावाकडून फोन येतो, "पोऱ्या व्हयना का पोर व्हयनी?" शेजारची गुजराती मावशी विचारते, "बाबो आव्यो के बेबी?" गुजराती घरांत ‘बेबी’ म्हणजे फक्त मुलगी. आणि दवाखान्यात बाळाच्या मनगटाला जी पट्टी बांधतात तिच्यावर लिहिलेलं असतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. मग तो मुलगा असो वा मुलगी. पट्टी वाचून मुलगी झाल्याची समजूत करून घेऊ नये, एवढं तरी नव्याने सुरतेत आलेल्या आजीला आधी सांगून ठेवावं.

आता मराठी शब्दांकडे येऊ. घरातला खरा शब्द ‘तान्हं’. अंगावर पिणारं ते तान्हं. त्याला दिवसांची मर्यादा नाही. आठ दिवसांचंही तान्हं, आठ महिन्यांचंही तान्हंच. हिरकणी कडा उतरली ती तान्ह्या बाळासाठी, पण ते किती दिवसांचं होतं हे कुणी विचारत नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल घेऊन निघतात तो तान्हा पोळा. तिथे तर चालतीबोलती मुलंही ‘तान्ही’ ठरतात. माया जितकी ताणावी तितका हा शब्द ताणला जातो, आणि तेच त्याचं सौंदर्य आहे.

‘अर्भक’ मात्र घरात कुणी म्हणत नाही. आमच्याकडे अर्भक झालं, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तो शब्द आता बातमीत आणि अहवालात उरलाय. बातमीत तो बहुधा टाकून दिलेल्या बाळासाठी येतो. पोटच्या मुलाला बाळ म्हणायचं आणि बेवारस सापडलेल्याला अर्भक, ही वाटणी मला खुपते. शब्दाचा त्यात काही दोष नाही. तुकोबांनी तर पंतोजीच्या हाती पाटी दिली ती अर्भकासाठी, म्हणजे त्यांचं अर्भक अक्षरं गिरवण्याच्या वयाचं आहे. आजच्या सरकारी भाषेत अर्भक म्हणजे एक वर्षाच्या आतलं मूल.

आणि ‘नवजात’? या तिघांत सर्वांत काटेकोर सीमा याच शब्दाला आहे. वैद्यकशास्त्रात जन्मापासूनचे पहिले २८ दिवस म्हणजे नवजात काळ. एकोणतिसाव्या दिवशी बाळ तान्हं असतं, अर्भक असतं, पण नवजात नसतं. डिंडोलीसारख्या वस्तीत या शब्दाची आणखी एक सोय आहे : मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषांत तो जसाच्या तसा आहे. (‘नवजात जन्मलेलं बाळ’ असं लिहू नये. जन्म त्या शब्दातच आहे.)

ही सीमा आखण्यामागे फार गंभीर कारण आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ मुलं वर्षाच्या आत दगावली, आणि त्यांतली २० पहिल्या २८ दिवसांत. वर्षभराच्या धोक्याचा सर्वांत मोठा वाटा पहिल्या चार आठवड्यांत असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नेमकं हेच हेरलं. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई घरी येतात : दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

ती येते, वजन करते, अंग गार तर नाही ना ते बघते, श्वास मोजते. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, बाळाने अंगावर पिणं सोडणं, अंग तापणं किंवा गार पडणं, तळपाय पिवळे दिसणं, झटके येणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नाही ही आपली रीत. पण अशा वेळी ती रीत मोडायलाच हवी.

दिवस मोजायची सवय आपल्या घरांना आहेच. पाचवीला सटवाई पुजतो, बाराव्याला बारसं करतो. जन्माचा दिवस पहिला धरून तसंच पुढे २८ पर्यंत मोजायचं. फोनवर डॉक्टरांना किंवा आशाताईला "तान्हं बाळ आहे हो, दूध पीत नाही" असं सांगितलं तर समोरच्याला वय कळत नाही. "नवजात आहे, आज नववा दिवस" असं सांगा. मराठीत सांगा, गुजरातीत सांगा, अहिराणीत सांगा, पण दिवस सांगा.