शिट्टीतला दाणा
रात्री दारं धरायला निघताना गळ्यात शिट्टी असते ना? आवाज आतला दाणा काढतो, असं बहुतेकींना वाटतं. पण दाणा नसला तरी शिट्टी वाजते. तो आवाज फक्त थरथरवतो. खरं काम फटीचं आणि कडेचं. फुंकर अरुंद फटीतून पातळ होऊन येते, समोरच्या धारदार कडेवर आपटते आणि घडीत आत, घडीत बाहेर अशी हेलकावते, तीही सेकंदाला शेकडो-हजारो वेळा! त्यानं पोकळीतली हवा थरथरते. पोकळी लहान, तेवढा आवाज चिरका. जत्रेतल्या उभ्या बासरीचंही तसंच. म्हणून फटीत माती बसली किंवा वरच्या खिडकीवर बोट आलं, की नुसतं फुस्स. निघण्याआधी शिट्टी धुवा, झटका, एकदा वाजवून बघा.