लाल कॅलिपर आणि थांबणारी गाडी

माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. ब्रेकबद्दल मात्र चुकायचं नाही, कारण एकदा चुकले आहे.

आमच्या रूमच्या भिंतीवर पोर्शे टायकानचं पोस्टर आहे. चाकाच्या आत पिवळाधमक कॅलिपर. तो रोज बघून बघून मी टीममध्ये हट्ट धरला की आपल्या इलेक्ट्रिक फॉर्म्युला कारचे कॅलिपर रंगवायचेच, आणि तेही लालभडक! रंगवलेसुद्धा. पुढचं शेवटी सांगते.

कॅलिपर म्हणजे काय? चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टन ढकलतं, पॅड डिस्कवर घासतात आणि वेगाची ऊर्जा उष्णता बनते.

आता तुम्ही म्हणाल, इलेक्ट्रिक गाडीत मोटरच जनरेटर होऊन गाडी थांबवते, मग एवढे मोठे ब्रेक कशाला? शंका बरोबर आहे. २०१९ साली टायकान आली तेव्हा पोर्शेनेच सांगितलं होतं की रोजच्या वापरातलं सुमारे ९० टक्के ब्रेकिंग मोटर्सच करतात. फोक्सवॅगनच्या आयडी.४ ला तर मागे चक्क ड्रम ब्रेक आहेत. कमी वापरामुळे डिस्क गंजते, ड्रम बंद असल्यामुळे टिकतो.

पण बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर मोटरने परत दिलेली वीज ती घेऊ शकत नाही. तेव्हा सगळा भार पॅडवर येतो. त्यात या गाड्या वजनदार. टेस्ला मॉडेल एस प्लेड ड्रायव्हरसह साधारण २,२०० किलो धरा. ताशी १०० किमी वेगाला तिची गतिज ऊर्जा ८५० किलोज्यूलच्या आसपास भरते. २०० ला किती? दुप्पट नाही, चौपट! म्हणजे ३,४०० किलोज्यूल. रस्त्यावर एकदा थांबणं सोपं, पण ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी तेच केलं तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. म्हणूनच टेस्लाने नंतर प्लेडसाठी कार्बन सिरॅमिक ब्रेकचा किट आणला.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मोठा कॅलिपर लावला म्हणून पहिल्याच ब्रेकला गाडी लवकर थांबेल असं नाही. एबीएस सुरू झालं म्हणजे टायरची पकड संपली, त्यापुढे ब्रेक काय करणार? मोठ्या ब्रेकचा फायदा दहाव्या ब्रेकला कळतो, कारण तो जास्त उष्णता पचवतो.

म्हणून अपग्रेडचा क्रम असा ठेवावा. आधी ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल खाली जातं, गाडी पुढेच! त्यानंतर चांगले पॅड, मग डिस्क आणि कॅलिपर. रंग सगळ्यात शेवटी.

रंगाला काही अर्थ नसतोच असंही नाही. टायकानवर पिवळा म्हणजे सिरॅमिक डिस्क, पांढरा म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेली डिस्क. पण बाजारात मिळणारं लाल कव्हर साध्या कॅलिपरवर बसवलं तर त्याने फक्त हवा अडते.

आता आमची गोष्ट. फॉर्म्युला स्टुडंटच्या इलेक्ट्रिक गटात ब्रेक टेस्ट असते. वेग घ्यायचा, मोटरची सिस्टीम बंद करायची आणि नुसत्या हायड्रॉलिक ब्रेकवर चारही चाकं लॉक करून दाखवायची. सरावाच्या दिवशी गाडीत माझी रूममेट होती. तिने पेडल दाबलं, ते स्पंजासारखं आत गेलं आणि गाडी सरळ टायरच्या ढिगात घुसली. नशीब, तिला फक्त मुका मार लागला. रंगवण्यासाठी कॅलिपर काढताना आम्ही ब्रेक लाइन उघडली होती. जोडताना घाई झाली, ब्लीडिंग नीट केलं नाही, लाइनमध्ये हवा राहिली. घाई कोणाची? माझीच. मला फोटो काढायचे होते.

रूममेट काही बोलली नाही. रात्री दोघींनी मिळून चारही चाकं पुन्हा ब्लीड केली, बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत. रंग अजून तसाच आहे, छान दिसतो. पण आता कोणी मला चमकणारा कॅलिपर दाखवला की मी आधी विचारते, "ब्रेक ऑइल कधी बदललं?"